एम-वनच्या पेपरात एक आलेख येऊ द्या

तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने २०२१ मध्ये बारावीच्या गणिताशिवायही अभियांत्रिकी प्रवेशाची वाट मोकळी करायचं म्हटलं, तेव्हा घरच्या मंडळींत खडाजंगी झाली. गणित नको म्हणणारे एका बाजूला, गणिताशिवाय कसला इंजिनिअर म्हणणारे दुसऱ्या. आता तिसरी बाजूही आहे: ॲनिमेशन दाखवा, सगळं आपोआप समजेल. व्हिएन्नात बसून हे वाचताना वाटतं, एम-वनच्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात काय विचारतात, हा विषय कुणीच काढत नाही.

चित्राची ताकद मला मान्य आहे. ३ बाजूचा चौरस घ्या आणि बाजू ०.०१ ने वाढवा. दोन कडांना ०.०३ क्षेत्रफळाच्या दोन पट्ट्या चिकटतात आणि कोपऱ्यात ०.०००१ चा ठिपका. एकूण वाढ ०.०६०१. तिला ०.०१ ने भागलं की ६.०१. एक्स-वर्गाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, टू-एक्स का, हे पट्ट्या मोजून कळतं. पण सहाच्या वरचा तो ०.०१ का सोडायचा, असं एखाद्या पोराने विचारलं की लिमिट, म्हणजे ती वाढ शून्याजवळ नेत जाणं, आलीच. चित्राने प्रश्न उभा केला, उत्तर मात्र सिद्धतेकडेच मागावं लागतं. जर्मन गणिती वायरस्ट्रासने १८७२ मध्ये मांडलेलं फलन तर सलग असूनही कुठेच डेरिव्हेटिव्ह नसलेलं. त्याचा आलेख कितीही मोठा करून पाहा, सरळ होत नाही.

इथे सगळं चित्रमय असेल, असं समजू नका. आलेख काढून दाखवणारं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रियातलंच, २००१ मध्ये साल्झबुर्गला मार्कुस होहेनवार्टरने सुरू केलेलं. तरी विद्यापीठातल्या व्याख्यानात एप्सिलॉन-डेल्टाच, म्हणजे लिमिटची काटेकोर सिद्धताच चालते. फरक पडतो तो ‘क्रॉयत्सर्ल-युबुंग’ नावाच्या तासाला. घरी सोडवलेल्या गणितांवर विद्यार्थी खुणा करतो आणि खूण केलेल्या कुठल्याही गणितासाठी त्याला फळ्यापाशी बोलावलं जातं. तिथे ‘असं का?’ला तोंड द्यावंच लागतं.

इथल्या काइझरम्युलेन बोगद्यात २००३ पासून सरासरी वेग मोजतात. मर्यादा ताशी ८० किलोमीटर. दोन कॅमेऱ्यांमधली सरासरी ९२ आली, तर कुठल्यातरी क्षणी काटा नेमका ९२ वर होताच. हेच आपल्या एम-वनमधलं लॅग्रांजचं मध्यमान प्रमेय. ‘कॅमेऱ्याजवळ तर मी हळूच होतो’ ही सबब चालत नाही. आपल्याकडे मात्र त्या प्रमेयात सी, म्हणजे तो नेमका बिंदू, शोधला की गुण मिळाले आणि प्रमेय संपलं.

लायब्नित्झचं सूत्र लावून एन-वा डेरिव्हेटिव्ह झरझर काढणाऱ्या मुलासमोर एफ-डॅशचा, म्हणजे एफच्या डेरिव्हेटिव्हचा, आलेख ठेवा आणि एफ काढ म्हणा. मुलगा अडतो, कारण मागच्या दहा वर्षांच्या पेपरात असलं काही नसतं, आणि केटी, म्हणजे नापास विषय पुढच्या वर्षात नेणं, टाळायची तर तेच पेपर घोकायचे असतात. वर्गात कितीही ॲनिमेशन फिरवलं तरी पेपर तोच असेल, तर मुलं ते बघतील आणि पुन्हा प्रश्नसंच उघडतील.

आक्षेप ठाऊक आहे: साठ-सत्तरच्या वर्गात प्रत्येकाला फळ्याशी कोण बोलावणार, आणि हाताने काढलेले आलेख तपासणार कोण? इथले सरावाचे गट लहान असतात, त्याला माणसं आणि पैसा लागतो. ते उद्या आपल्याकडे येणार नाही. पण दहा गुणांचा एक प्रश्न, चार आलेख आणि त्यांचे डेरिव्हेटिव्ह जुळवून कारण एका ओळीत लिहा, एवढं तपासायला मिनिटभर पुरेल. पुढच्या पेपरातच ते घालता येईल.