शाळा फ्री झाली म्हणे

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा असेल त्यांनी लाइक मारून पुढे सरका.

इथे झांबियात, लुसाकात, आपल्या मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर आज दप्तरवाटपाचे पंचवीस-तीस फोटो येऊन पडले. पोरं उन्हात रांगेत उभी, मागे वर्गाच्या भिंतीएवढा बॅनर, आणि प्रत्येक दप्तराला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मोठी माणसं धरून कॅमेऱ्याकडे बघतायत. पोराचा हात शेवटी लागतो दप्तराला. बरं ते असो, दप्तर तरी मिळालं. पण त्याखाली एका काकांचा मेसेज: "आता इकडे शिक्षण फ्री केलंय सरकारने, तरी पोरी शाळा सोडतातच. यांना शिक्षणाची किंमतच नाही. आपण किती देणार?" आणि त्यावर सतरा जणांचे अंगठे!!

मी ग्रुपवर काही बोलले नाही. म्हणून इथे बोलते.

आमच्याकडे घरकामाला येतात त्यांना आम्ही बामायो म्हणतो, बेम्बा लोक आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं. त्यांच्या बहिणीचं घर उत्तरेला साम्फ्याच्या पलीकडे, बांगवेउलू तळ्याच्या काठी. तळं कसलं, समुद्रच तो, पलीकडचा काठ दिसत नाही. बहिणीचा नवरा मासेमारी करतो. त्यांची मुलगी नववी चांगली पास झाली आणि दहावीला नाव लागलं ते घरापासून लांबच्या शाळेत, जिथे हॉस्टेल नाही. अशा वेळी पोरी काय करतात, तर शाळेजवळ एखादी खोली चौघी-पाचजणी मिळून भाड्याने घेतात आणि स्वतःचं स्वतः शिजवून खातात. याला इथे वीकली बोर्डिंग म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी हां.

बामायोंनी मला फोनवर त्या मुलीच्या सामानाच्या यादीचा फोटो दाखवला. फी: शून्य. खरंच शून्य. आणि त्याखाली मॅट्रेस, ब्लँकेट, बादली, युनिफॉर्म, काळे बूट, कागदाची रीम, खराटा, गवत कापायचा स्लॅशर, मग खोलीसाठी म्बाउला म्हणजे कोळशाची शेगडी, मीली मील म्हणजे मक्याच्या पिठाची पिशवी, खोलीभाडं, येण्याजाण्याचं भाडं. शाळा फ्री झाली म्हणणाऱ्या काकांना ती यादी पाठवाविशी वाटतेय. स्लॅशरसकट.

आता कोणी म्हणेल सरकारने काहीच केलं नाही का. केलंय, मान्य. पहिली ते सातवी २००२ पासूनच फ्री होती, २०२२ च्या जानेवारीत बारावीपर्यंतची फी काढली, त्याच वर्षी ३०,००० च्या वर शिक्षक भरले, मतदारसंघाचा विकास निधी १६ लाख क्वाचांवरून (क्वाचा हे इथलं चलन) २.५७ कोटींवर नेला आणि त्यातून बोर्डिंगच्या मुलांना बर्सरी म्हणजे शिष्यवृत्त्या सुरू केल्या. कर्ज फेडता न आलेल्या देशाने हे केलंय, मला तर कौतुक वाटतं. पण फी गेली म्हणून बादली फुकट मिळते का? आणि बर्सरीचा फॉर्म कोण भरणार, कागद कोण जोडणार, ज्या घरात कोणीच नववीच्या पुढे गेलं नाही त्या घरात?

आणि अजून एक गोष्ट सांगते जी लुसाकात बसून कळत नाही. इथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आणि १ डिसेंबर ते फेब्रुवारी अखेर मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात म्हणून, सरकारी नियम आहे आणि योग्यच नियम आहे. म्हणजे ज्या महिन्यात मॅट्रेस घ्यायची त्या महिन्यात घरात एक क्वाचा येत नाही. मका अजून शेतात हिरवा उभा असतो. बामायोंची बहीण शिक्षणाची किंमत जाणत नाही म्हणे! अहो ती किंमत पै-पैने पाठ आहे तिला, तुम्हाला आणि मला ती कधी मोजावी लागली नाही एवढंच.

तर ती मॅट्रेस. इथल्या बाजारातून घेतली, गुंडाळी करून सुतळीने बांधली आणि बामायोंनी रात्रीच्या बसने रवाना केली. कंडक्टरने मॅट्रेसचं वेगळं तिकीट लावलं. मी भांडणार होते, बामायो म्हणाल्या राहू दे मॅडम, नाहीतर सेरेंजेला उतरवून ठेवेल.

मॅट्रेस पोचली, पोरगी शाळेत बसली, आणि दुसऱ्या टर्मला शाळेत नव्हती.

हे कोणाला कळलं? मला नाही. बामायोंना नाही, शाळेनेही कुणाला कळवलं नाही, ऐंशी-नव्वद पोरांच्या वर्गात मास्तर कोणाकोणाची हजेरी मनात ठेवणार. कळलं ते एका विशी-बाविशीच्या मुलीला. ती त्याच शाळेत शिकलेली, कॅमफेड नावाच्या संस्थेच्या मदतीने शिकलेली, आणि आता तिथेच 'लर्नर गाइड' म्हणून पगाराशिवाय काम करते. तिने पाहिलं की आठवडाभर बाकावर जागा रिकामी आहे, सायकल काढली आणि गेली घरी. वाळूच्या रस्त्याने. घरी मुलगी मासे सुकवत होती. कारण काय तर खोलीवर एक बाप्या रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहायचा, आधी पावाचे पैसे देऊ का म्हणायचा, मग नुसताच उभा राहायचा. हे ती आईला सांगणार होती? मावशीला? मला, जिने मॅट्रेस पाठवली? काय सांगेल ती मला! तिने त्या गाइडला सांगितलं, कारण गाइड स्वतः अशाच एका खोलीत राहिलेली.

मग गाइडने हेडमास्तरांना गाठलं, गावातल्या आयांचा एक गट आहे त्यांना गाठलं, आणि पोरीची सोय त्यातल्याच एका विधवा बाईंच्या घरी झाली. मॅट्रेस सायकलच्या कॅरियरवर बांधून नव्या घरी गेली. एवढंच. बॅनर नाही, फोटो नाही.

कॅमफेडबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडे फार लोकांना माहीत नाही. अ‍ॅन कॉटन नावाची एक वेल्श बाई १९९१ मध्ये झिम्बाब्वेत आली, मोला नावाच्या गावात, झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवर झांबेझी नदीवर करिबा धरण आहे त्याच्या वरच्या अंगाला. मुली शाळेत का येत नाहीत हे शोधायला. येताना तिच्या डोक्यात काय होतं माहितीये? आपल्या काकांच्या डोक्यात आहे तेच. की या लोकांना मुलींना शिकवायचंच नसेल, रूढी असतील, संस्कृती आडवी येत असेल. आणि मोलात तिला भेटल्या दोन मुली ज्या जवळपास शंभर किलोमीटर चालत आल्या होत्या, कारण इथल्या शाळेची फी कमी होती. झोपडीत राहून शिकत होत्या. आईबापांना मुलगी शिकायला हवीच होती, पैसे एकाचेच होते, आणि मुलाला नोकरी लागायची शक्यता जास्त म्हणून मुलगा शाळेत. त्याच सुमाराला झिम्बाब्वेने आर्थिक सुधारणांच्या नावाखाली खर्चाला कात्री लावली होती, सगळ्या फिया वाढत होत्या, वर १९९२ चा दुष्काळ. ती बाई घरी केंब्रिजला गेली आणि बाजारात केक विकून पैसे जमवायला लागली. १९९३ ला ३२ मुलींपासून सुरुवात.

मोलातले लोक टोंगा जमातीचे. करिबाचं धरण बांधताना पन्नासच्या दशकात दोन्ही काठांवरचे मिळून ५७,००० टोंगा उठवले, नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली आणि माणसं वर माळावर. माझं माहेर साताऱ्याकडचं, कोयनेचे धरणग्रस्त म्हणजे काय ते मला कोणी समजवायला नको. आणि गंमत बघा, आपल्या लुसाकातल्या घरातला एसी त्याच करिबाच्या विजेवर चालतो. चालायचा म्हणू. २०२४ च्या दुष्काळात तळं तळाला गेलं आणि आपण सगळे इन्व्हर्टरच्या किमतींवर दोन महिने चर्चा करत होतो.

तो दुष्काळ आठवला की राग येतो परत. २९ फेब्रुवारीला राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली, देशातला जवळपास निम्मा मका वाळून गेला. त्याआधी जानेवारीत कॉलरा, शाळा उघडायलाच १२ फेब्रुवारी उजाडली. आमची पोरं त्या काळात ऑनलाइन शिकली. आणि ती मुलगी त्या वर्षी अकरावीत होती, घरी एकवेळचं नशिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. अशा वर्षी पोरींची लग्नं लागतात, एक तोंड कमी होतं म्हणून. कायद्याने अठराच्या आतलं लग्न आता बंद आहे, २०२३ च्या शेवटी रीतीप्रमाणे लावलेल्या लग्नांनाही तोच नियम झाला, आणि मूल झालेल्या मुलीला परत शाळेत घ्यायचं धोरण तर १९९७ पासून आहे. चांगलंच आहे. पण कायदा सायकलवर बसून घरी येत नाही ना. ती गाइड आली, परत. त्या वर्षी आयांच्या गटाने शाळेत लापशी शिजवली, कोणी मूठभर शेंगदाणे दिले, कोणी सरपण. ज्यांच्या स्वतःच्या घरी नव्हतं त्यांनी.

मला या संस्थेचं जे आवडतं ते हेच आहे आणि बाकी सगळं त्यापुढे गौण आहे. ज्या मुलींना मदत मिळाली त्यांनी १९९८ मध्ये स्वतःची संघटना काढली. त्याच मुली पुढच्या मुलींना बघतात, त्याच ठरवतात कोणाला काय लागतं. शाळेत गाइड म्हणून काम करणारीला बिनव्याजी कर्ज मिळतं, शिवणाचं मशीन घ्या, कोंबड्या पाळा, काहीही करा, व्याज म्हणून पैसे नाही तर शाळेतला वेळ द्यायचा. वर एक व्होकेशनल सर्टिफिकेट मिळतं जे पुढे शिक्षक व्हायला कामी येतं. आणि संस्थेची आत्ताची मुख्य, सीईओ, अँजेलिन मुरिमिर्वा, ही झिम्बाब्वेतल्या त्या पहिल्या मुलींपैकीच एक. कधी ऐकलंय का की दप्तर घेणारी पोरगी पुढे मंडळाची अध्यक्ष झाली?

हो हो, माहितीये, तुम्ही म्हणाल एका गोऱ्या बाईने येऊन सुरू केलं, बाहेरचा पैसा, चकचकीत रिपोर्ट, हसऱ्या मुलींचे फोटो त्यांचेही असतातच. असतात. खुपतात मलापण. आणि हे खरं तर सरकारचं काम आहे हेही खरं. झालं? पुढे.

माझे आजोबा रयतच्या बोर्डिंगात शिकले. विहीर खणायची, भाकऱ्या थापायच्या आणि शिकायचं. ते म्हणायचे अण्णा स्वतः येऊन विचारायचे, पोरा जेवलास का. आजोबा नोकरीला लागल्यावर दर महिन्याला बोर्डिंगातल्या एका पोराची सोय बघायचे, कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या घराघरात ही गोष्ट आहे हो! आपण सगळे कोणाच्या तरी मुठीतल्या धान्यावर शिकलेल्यांची नातवंडं आणि आपण लुसाकात बसून म्हणतो यांना किंमत नाही. लाज वाटली पाहिजे. जाऊ दे, चिडते उगाच, काका मनाचे वाईट नाहीत, कोविडमध्ये त्यांनीच ऑक्सिजनसाठी धावाधाव केली होती. पण बोलताना जीभ सैल सुटते माणसाची.

मुलांचं काय, असंही कोणीतरी विचारणारच. मुलंही गळतात. बामायोंच्या बहिणीचा मोठा मुलगा आठवीतून सुटला आणि आता बापाबरोबर होडीवर असतो. त्याच्यासाठी सायकलवरून कोणी आलं नाही. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण म्हणून मुलीलाही मासे सुकवायला बसवायचं, हे तर उत्तर नाही ना.

त्या मुलीने बारावी दिली. निकाल काय लागायचा तो लागेल, गणित कच्चंच आहे म्हणे. गाइडसाठी नाव दिलंय. मॅट्रेस आता त्या विधवा बाईंकडे नव्याने आलेल्या दुसऱ्या मुलीला देऊन आली, बामायो थोड्या नाराज आहेत, चांगली जाड होती म्हणाल्या.

कृपया मला इनबॉक्समध्ये 'पैसे कुठे पाठवू' विचारू नका, मी कोणाची एजंट नाही. संस्थेच्या साइटवर दरमहा देता येतं. नाहीतर तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना, माळीकाकांना नीट बसवून विचारा, गावाकडे कोण शिकतंय, यादी दाखवा. पूर्ण यादी बघा, फक्त दप्तर नको. आणि टर्मच्या मधे एकदा फोन करून विचारा पोरगी शाळेत आहे का. जे द्यायचं ते नोव्हेंबरात द्या, डिसेंबरात घरी मासेमारी बंद आणि जानेवारीत बसला गर्दी, मॅट्रेस टपावर घेत नाहीत.