‘नुसतं घसरायचं, त्यात कसलं कौशल्य?’ : गुहागरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुहागरकर, नमस्कार.

उभ्या डोंगरावरच्या स्कीइंगवरचा, म्हणजे पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या लावून बर्फावरून उतरण्यावरचा, लेख तुम्हाला खटकला. उतारावर सोडला तर दगडही खाली येतो, त्यात कौशल्य कसलं, असं तुम्ही विचारलंत. हे श्रीमंतांना लागलेले मरणाचे डोहाळे आहेत आणि आपला पाडेली रोज माडावर चढतो त्याचं कुणाला कौतुक नाही, हेही सुनावलंत. वर लेख वाचून पुतण्या गुलमर्गला निघालाय, त्याला जबाबदार कोण, हा सवाल.

आधी तुम्ही पकडलेली चूक. लेखात ‘५० टक्के उतार’ छापलं गेलं, तिथे ‘५० अंश’ हवं होतं. ४५ अंश म्हणजेच १०० टक्के; ५० अंश म्हणजे ११९. घाटातला मोटाररस्ता सहसा पाच-सहा टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम तीन अंशांचा. घरातला जिना तीस-पस्तीस अंशांचा. ५० अंशांवर आडवं उभं राहून, किंचित वाकून हात बाजूला पसरला की तो डोंगराला टेकतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता दगडाचं. दगड खाली येतो हे खरंच, पण थांबत नाही. घर्षण सोडून दिलं तर ५० अंशांवर सुटलेला माणूस तीन सेकंदांत ताशी ८० किलोमीटरवर जातो, आणि तेवढ्यात उतारावरून चौतीसेक मीटर घसरलेला असतो. कडक बर्फावर घर्षण जवळजवळ नसतंच. म्हणून या खेळात वेग हा शत्रू. एकेक वळण घ्यायचं आणि प्रत्येक वळणानंतर जवळपास थांबायचं.

ते वळण असं. स्की उताराला आडव्या, पोलादी धारा बर्फात रुतलेल्या. उतारामुळे वरचा पाय आपोआप दुमडलेला असतो. खालच्या हातातली काठी बुटाच्या बरीच खाली टेकवायची, सायकलचं पेडल मारावं तसा वरच्या पायाने रेटा द्यायचा, स्कींची शेपटं उचलायची आणि दोन्ही स्की हवेतच फिरवून उलट्या दिशेला आडव्या टेकवायच्या. दोन्ही धारा एकदम बसल्या पाहिजेत. चूक होते ती भीतीने: माणूस डोंगराकडे झुकतो, त्याला वाटतं तिकडे आधार आहे. तसं झुकलं की पायाखालच्या धारेवरचा भार कमी होतो आणि ती सुटते. छाती दरीकडेच ठेवावी लागते, आणि शरीराला हे पटवायला वर्षं जातात. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या पावसात उतरताना मागे रेलणारा माणूस आधी आपटतो, ते तुम्ही पाहिलं असेलच.

बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या खटक्याचा, म्हणजे बाइंडिंगचा, पेच तर सुटलेलाच नाही. पडल्यावर पाय मोडू नये म्हणून ते बुटाला सोडून देतं. पण उभ्या नाळेत (कड्यांमधल्या अरुंद घळीत) वळणाच्या झटक्याने ते अवेळी सुटलं तर माणूस गेला, म्हणून हे लोक ते घट्ट करतात किंवा पुढचा खटका बंदच करून टाकतात. मग हिमलोट आला की न सुटलेल्या स्की नांगरासारख्या खाली ओढतात. दोन्हीकडून धोका, कुठला पत्करायचा ते त्या दिवसाचा बर्फ बघून ठरतं.

बर्फ बघणं हा यातला निम्म्याहून मोठा भाग. ज्या नाळेतून उतरायचं तिथूनच बहुतेक जण आधी चढतात, बुटाखाली क्रॅम्पॉन (टोकदार दात्यांची चौकट) लावून, हातात बर्फात रोवायची आइस अ‍ॅक्स घेऊन, कारण प्रत्येक पावलाला थर कळतो. वसंतात रात्री गोठलेला पृष्ठभाग उन्हाने वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतो तेव्हाच उतरायचं. अर्धा तास आधी गेलात तर काच, उशिरा गेलात तर ओला बर्फ सगळाच सुटायला लागतो. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा होडीने ओलांडायची वेळ कोळी जसा भरतीवर ठरवतो, तसंच हे. समुद्राचाही यात हात आहे: अलास्काच्या किनारी डोंगरांवर दमट वाऱ्याने येणारा बर्फ शून्याच्या आसपासचा, चिकट असतो, म्हणून तो ५० अंशांवरही चिकटून राहतो. कोरड्या हवेतला भुसभुशीत बर्फ तिथे ठरत नाही.

श्रीमंतांबद्दल. इटलीच्या दक्षिण टिरोलमधला हायनी होल्झर धुराडी साफ करून पोट भरायचा. शंभरावर उभे उतार उतरला आणि १९७७ साली स्वित्झर्लंडमधल्या पिझ रोझेग शिखरावर पडून गेला. स्विस स्कीपटू सिल्व्हाँ सोदाँने १९६७ साली फ्रान्समधल्या शामोनीच्या डोंगरातली स्पेन्सर नाळ उतरून या प्रकाराला तोंड फोडलं, १९७७ साली आपल्या लडाखमधलं नुन शिखर उतरलं, १९८२ साली काराकोरममधलं गाशरब्रुम-१. तो २०२४ साली, ८७ व्या वर्षी वारला. २००० साली एव्हरेस्टच्या माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत स्की न काढता उतरलेला स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार २०१९ साली घराजवळ झाड तोडताना गेला. आणि अमेरिकन स्कीपटू डग कूम्ब्स, ज्याच्यासारखा जाणकार विरळा, तो २००६ साली फ्रान्समधल्या ला ग्राव्हमध्ये घसरलेल्या सोबत्याला मदत करायला गेला आणि स्वतः कोसळला. यातून मी कुठलंच गणित मांडत नाही. पाडेल्याबद्दल तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. त्याच्यावर लिहायला हवं. कॅमेऱ्यासाठी उतरणाऱ्यांबद्दल मलाही कौतुक नाही. त्यांच्या चित्रफितींत अर्ध्यातून परत फिरलेले दिवस कधी दिसत नाहीत, आणि खरं काम त्या दिवसांत असतं.

पुतण्याचं. पहिल्या कोर्सला तो ५० अंशांच्या जवळपासही जाणार नाही, ती चिंता नको. चिंता वेगळ्या उताराची करा. बहुतेक हिमलोट ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्यावरचा नवा बर्फ थोडाथोडा आपोआप घसरून जातो. ३० ते ४५ अंशांवर मात्र थर साठत राहतात आणि मधला एखादा कच्चा राहिला की एका माणसाच्या वजनाने वरची अख्खी लादी सुटते. पावसाळ्यात आपल्याकडे वरची जड माती पाणी प्यायलेल्या चिकणमातीवरून सरकते, तीच तऱ्हा. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) वरचा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर सुमारे ३,९०० मीटरपर्यंत नेतो, आणि तिथून सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या दोरीबाहेर पाऊल टाकलं की दिसतो तो नेमका असाच, फार भीतिदायक न वाटणारा उतार.

त्याला दोरीच्या आत राहायला सांगा. तरीही बाहेर जायचं म्हणाला तर बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे का ते विचारा. बीकन अंगावर, जॅकेटच्या आत, चालू करून. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची आशा बरी. पुढे ती झपाट्याने घसरते, आणि बाहेरून मदत यायला त्याहून वेळ लागतो. काढायचं ते बरोबरच्यांनीच. म्हणून पुतण्याच्या पाठीवर फावडं आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच्या सोबत्याच्या पाठीवर आहे का आणि त्याने ते कधी चालवलंय का, तेही विचारा.