आंबट म्हणजे नासलेली नव्हे

‘बेल्जियमची आंबट बिअर म्हणजे हवेतले जंतू पडून नासलेली बिअर. सगळ्यांची चव एकच, व्हिनेगरची, आणि ती झाकायला फळांचं सरबत,’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतोय. त्यातला प्रत्येक दावा तपासू.

नासलेली? ब्रुसेल्स आणि लगतच्या पायोटनलँड भागात लॅम्बिक या आंबट बिअरचा उकळता धान्याचा काढा उथळ, रुंद हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हे खरं. पण ते ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच, कारण उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फार. काढ्यात मुद्दाम जुने, वाळवून ठेवलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, घालतात. त्यांचा कडूपणा ओसरलेला असतो, पण जंतूंना आवर घालायची ताकद उरते. मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं. इतकी वाट पाहून केलेल्या गोष्टीला अपघात म्हणायचं?

चव एकच, हा दावा मला सगळ्यात खटकतो, कारण दोन ग्लास शेजारी ठेवले की तो टिकत नाही. निखळ लॅम्बिकला फेस जवळजवळ नसतोच. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की ग्यूझ होते. कोवळ्या लॅम्बिकमधली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते, म्हणून ती शँपेनसारखी फसफसते. तिचा आंबटपणा मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे दह्यातलाच. वर ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येणारा वाळलेल्या गवताचा, चामड्याचा वास. आता बेल्जियमच्याच पश्चिम फ्लँडर्समधल्या रुसेलारे गावची रोडेनबाख ही बिअर ओता. रंग तांबूस, चवीत माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा, ओकचा तुरटपणा आणि हो, व्हिनेगरची छटा. तेवढ्यापुरता आरोप खरा आहे. पण ती छटा जुनी आणि नवी बिअर मोजून मिसळत ताब्यात ठेवलेली असते. औडेनार्ड या गावच्या तपकिरी बिअरमध्ये माल्टचा गोडवा आणखी पुढे येतो. फक्त बर्फासारखी गार पिऊ नका. गारठ्यात आंबटपणा तेवढा जाणवतो, वास दबतात.

राहिलं सरबत. क्रीक म्हणजे चेरीची लॅम्बिक. पारंपरिक क्रीकमध्ये अख्ख्या आंबट चेरी महिनोन्‌महिने लॅम्बिकमध्ये मुरतात. फळांतली साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे क्रीक कोरडी आणि आंबटच लागते. साखर घातलेली गोड क्रीकही बाजारात आहे. पण तिच्यावरून पारंपरिक क्रीकला नावं ठेवण्याआधी लेबलवर ‘औडे’ (म्हणजे ‘जुनी’, पारंपरिक पद्धतीची खूण) हा शब्द आहे का, ते बघा.