डेक-बिल्डरमध्ये हरलात? कारण आधीच्या मजल्यांवर शोधा

पत्त्यांचा डेक बांधत एकेक मजला चढायचा 'स्ले द स्पायर' हा गेम खेळून वैतागलेल्या लोकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "पत्तेच आले नाहीत." मला ती पटत नाही. रोगलाइक (हरलात की पुन्हा पहिल्यापासून) डेक-बिल्डरमध्ये नशिबाचा भाग आहेच, पण खरा मनस्ताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. चूक होते पाचव्या मजल्यावर आणि तिची शिक्षा मिळते पंचविसाव्या मजल्यावर. मधे अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. त्यामुळे दोन्हींचा संबंध लागत नाही आणि सगळं खापर शेवटच्या हातावर फुटतं. या गेमची ओढही त्यातच आहे, कारण तो संबंध एकदा दिसायला लागला की गेम सोडवत नाही.

मेगा क्रिट या स्टुडिओचा हा गेम नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (अपूर्ण असतानाच विक्रीला) आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. आयर्नक्लॅड हे पात्र घेतलंत तर सुरुवातीला दहा कार्डं मिळतात: पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. दर टर्नला पाच कार्डं येतात आणि ती खेळायला तीन एनर्जी मिळते. म्हणजे बॅश दर दोन टर्नमध्ये एकदा हातात येणारच. आता प्रत्येक लढाईनंतर समोर येणाऱ्या तीन कार्डांतलं एक उचलत गेलात आणि डेक वीस कार्डांचा झाला, तर तेच बॅश चार टर्नमध्ये एकदा येईल. पहिल्या अंकातल्या बऱ्याच लढाया तेवढ्या वेळात संपलेल्या असतात. "पत्तेच आले नाहीत" याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की ते न येण्याची सोय आपणच करून ठेवली होती. रमीत नको असलेलं पान "असू दे" म्हणून हातात धरून ठेवावं, तसला प्रकार. स्किपचं बटण तिथे आहे ते वापरण्यासाठीच.

पण पातळ डेक म्हणजेच चांगला डेक, हा दुसरा गैरसमज. पहिल्या अंकात सगळंच स्किप करत गेलात तर ग्रेमलिन नॉब हिशेब चुकता करतो. हा एलिट (नेहमीपेक्षा तगडा शत्रू) जवळून बघण्यासारखा आहे. आयुष्य ८२ ते ८६. पहिल्या टर्नला तो फक्त ओरडतो, मारत नाही. त्यानंतर तुम्ही खेळलेल्या प्रत्येक स्किल कार्डामागे त्याची ताकद कायमची २ ने वाढते, आणि डिफेंड हे स्किल कार्ड आहे. त्याचा मोठा वार १४ चा. घाबरून दोन डिफेंड टाकलेत तर १० ब्लॉक (मार अडवणारी ढाल) मिळतो, पण वार १८ चा होतो. या टर्नला ८ लागले, ठीक. पुढचा प्रत्येक वार मात्र ४ ने जड झाला. त्यात त्याने कवटी आपटून व्हल्नरेबल केलं (म्हणजे मार दीडपट लागतो) की साधा १४ चा वार २१ चा होतो. तुमच्याकडून एका टर्नला तीन स्ट्राइकचे होतात १८. या हिशेबाने नॉबला मारायला जवळपास पाच टर्न लागतात आणि त्यातल्या तीन टर्नला तो तुम्हाला मारत असतो. म्हणून पहिल्या एलिटच्या आत दोन-तीन चांगली अटॅक कार्डं हवीतच. एलिट सहाव्या मजल्याच्या आधी येत नाही. म्हणजे खरेदीसाठी पाच मजले हातात आहेत, तेवढी मुदत गेमने दिलेली आहे.

दुसऱ्या अंकात प्रश्न बदलतो. तिथला गुलाम पकडणाऱ्यांचा एलिट म्हणजे एकाच वेळी तिघे. पहिल्याच टर्नला १२, १३ आणि ७ असे ३२ पर्यंत डॅमेज येऊ शकतं. तीन डिफेंड टाकलेत तरी ब्लॉक १५. पहिल्या अंकात एकेकाला मारणारी जड कार्डं घेऊन जिंकलात, तर इथे सगळ्यांना एकदम लागणारं काहीतरी किंवा भरपूर ब्लॉक हवा. पहिला अंक आरामात जिंकून दुसऱ्यात झोपणारे रन (सुरुवातीपासूनची एकेक खेळी) बहुधा इथलेच.

तिसऱ्या अंकाचं उदाहरण तर अगदी स्वच्छ आहे. सायलेंट या दुसऱ्या पात्राचा शिव (shiv, म्हणजे छोटा सुरा) डेक: ब्लेड डान्स एक एनर्जी घेतं आणि फुकट खेळता येणारे तीन शिव देतं. तीन ब्लेड डान्स आणि त्यांचे नऊ शिव मिळून बरोबर बारा कार्डं. टाइम ईटर हा बॉस बारावं कार्ड पडलं की तुमची टर्न तिथेच संपवतो आणि स्वतःची ताकद २ ने वाढवतो. ही मोजणी टर्न बदलली तरी शून्यावर येत नाही. पण बॉस कोण हे अंकात पाऊल टाकताच नकाशाच्या माथ्यावर दिसतं. तिथून पुढे दुकानातले पैसे कशावर घालवायचे, शेकोटीवर काय अपग्रेड करायचं, हे सगळं त्या चित्राकडे बघून ठरवायला हवं. कमी कार्डांत जास्त काम करणारं ॲक्युरसी हवं, ब्लॉक वाढवणारं फुटवर्क हवं, आणखी ब्लेड डान्स नको.

मग करायचं काय? हरल्यावर लगेच नवा रन सुरू करू नका. स्टॅटिस्टिक्समधली रन हिस्टरी उघडा. मजल्यागणिक किती मार खाल्ला, कोणतं कार्ड घेतलं, कोणतं सोडलं, सगळं तिथे आहे. जिथे अचानक मोठा मार बसला तो मजला धरा आणि तिथून पाच-सहा मजले मागे या. शेकोटीवर झोपलात का, तेही बघा. झोपेने एकूण आयुष्याच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे ८० वर २४. खालच्या ॲसेन्शनवर (काठिण्यपातळीवर) बॉस मेल्यानंतर आयुष्य पूर्ण भरतं, त्यामुळे बॉसमधून वाचण्यापुरतं शिल्लक असेल तर झोपेपेक्षा अपग्रेड बरं. दुकानात कार्ड काढायला पहिल्यांदा ७५ सोनं लागतं आणि दर वेळी २५ ने वाढतं. बहुतेक डेकमधून आधी स्ट्राइक काढावेत.

पोकरच्या हातांनी गुण जमवायच्या 'बलाट्रो' या डेक-बिल्डरमध्येही हीच गोष्ट वेगळ्या आकड्यांत आहे. पहिल्या ब्लाइंडला (फेरीला) ३०० गुण पुरतात, आठव्या अँटीच्या (टप्प्याच्या) बॉसला सहसा १ लाख, आणि व्हायोलेट व्हेसल हा बॉस आला तर ३ लाख. गुणांत नुसती बेरीज करणारे जोकर (गुण वाढवणारी खास कार्डं) चौथ्या अँटीपर्यंत छान चालतात आणि म्हणूनच फसवतात. गुणाकार करणारा जोकर तोवर हाती नसेल तर पुढचा रन आधीच गेलेला असतो.

गेमचा दोष नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. स्पायरमधला अगदी शेवटचा बॉस, हार्ट, दर वेळी तोच आहे. ७५० आयुष्य, एका टर्नला ३०० पेक्षा जास्त डॅमेज घेत नाही, आणि तुमच्या प्रत्येक कार्डामागे तुम्हालाच मार. तीन अंक हाताला लागलं त्यातून डेक बांधा म्हणायचं आणि शेवटी ठरावीक प्रकारच्याच डेकला वर जाऊ द्यायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. विसाव्या ॲसेन्शनला तिसऱ्या अंकाचा दुसरा बॉस आधी दाखवतच नाहीत, तेही तसंच. जिथे माहिती समोर आहे तिथली हार मान्य आहे. जिथे ती झाकून ठेवली तिथे खेळाडूने चिडावं, हक्काने चिडावं.

शिव डेक घेऊन टाइम ईटरला पाडणारे इथे असतील तर कोणती कार्डं घेऊन गेलात, ते कमेंटमध्ये नावानिशी लिहा.