चाचा, पिछे सरको

आज जुम्याच्या (शुक्रवारच्या) नमाजपासून डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

एक म्हातारे चाचा लवकर येऊन पहिल्या सफेत बसले होते. (सफ म्हणजे नमाजची रांग, हे माझ्या हिंदू मित्रांसाठी.) जवळपास कुठंतरी स्लॅबचं काम चालू असणार. पँटवर सिमेंट वाळलेलं, वजू केलेले (नमाजआधी धुतलेले) पाय मात्र लख्ख. एवढ्यात पंचविशीतला एक पोरगा आला. घोट्याच्या वर पायजमा, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, अत्तराचा घमघमाट. चाचांच्या खांद्याला हात लावून म्हणतो, "चाचा, जरा पिछे सरको. कपडे तो देखो." चाचा निमूट उठले, पार मागं चपलांच्या रॅकपाशी जाऊन बसले. हा त्यांच्या जागी बसून तसबीह (जपमाळ) फिरवायला लागला. तेवढ्यात खुतबा (इमामाचं प्रवचन) सुरू झाला आणि खुतब्यात तोंड उघडायचं नसतं, म्हणून इथं उघडतोय.

एकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्यानं बसू नये, सरकून जागा करून द्यावी, हे पैगंबरांनी स्वच्छ सांगून ठेवलंय. जुम्याला लोकांच्या माना ओलांडत पुढं घुसणाऱ्याला त्यांनी "बस खाली, लोकांना त्रास दिलास" असं सुनावलं होतं. हे त्या पोराला माहीत नाही? माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. दुखणं तिथंच तर आहे!

तकब्बुर, म्हणजे गर्व, कशाकशातून येतो हे थोर धर्मपंडित इमाम गझालींनी मोजून दाखवलंय. इल्म (ज्ञान), इबादत (उपासना), घराणं, रूप, पैसा, ताकद, पाठीमागची माणसं. पैसा बघा कितवा आला. इल्म आणि इबादत सगळ्यात आधी. आणि हे लिहिणारा कुणी कोपऱ्यातला फकीर नव्हता. बगदादच्या निजामिया मदरशातली मोठी जागा त्यांनी 1095 मध्ये सोडली, कारण आपल्या शिकवण्यामागं नावाची हाव आहे हे त्यांनी स्वतःच ओळखलं. आमच्याकडं चार बयानं (प्रवचनं) ऐकली की माणूस दुसऱ्याचे कपडे तपासायला लागतो.

इब्लिस, म्हणजे सैतान, काय नास्तिक होता काय? आदमपुढं झुकला नाही म्हणून हाकलला गेल्यावरही "ऐ रब" म्हणूनच मोहलत (मुदत) मागत होता. त्याचं म्हणणं एवढंच, मी आदमपेक्षा चांगला, मी आगीचा, हा मातीचा. त्यानं माती बघून नाक मुरडलं, यानं सिमेंट बघून.

हो, सफाई अर्धा ईमान (श्रद्धा), मान्य. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, हेही आहे. इमामाच्या मागं जाणत्यांनी उभं राहावं, हेही आहे, बरं. पण कामाची धूळ नापाक कधीपासून झाली? पाणी नसेल तर त्याच मातीनं तयम्मुम करून (वजूऐवजी माती हाता-तोंडावर फिरवून) आपण नमाज पढतो ना? आणि जाणता कोण हे इस्त्रीवरून ठरवायचं?

कुरआनातली सूरह अबस (सूरह म्हणजे अध्याय) आठवा. मक्केचे बडे सरदार समोर बसलेत, पैगंबर त्यांना समजावताहेत, आणि मध्येच अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम आले. अंध माणूस. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. समोरच्याला ती आठी दिसणंच शक्य नव्हतं, तरी वरून आयत (कुरआनचं वचन) उतरली, टोकलं गेलं. पुढं हेच इब्न उम्मे मक्तूम मदिनेत अजान द्यायचे. आमच्या चाचांना तर डोळे आहेत हो. सगळी मशीद आपल्याकडं बघतेय, हे त्यांनी बघितलं.

चहा घेतला मध्ये. थोडा शांत झालोय.

पोरगा वाईट नाही. कोरोनात याच पोरानं घरोघरी रेशन पोचवलं होतं, जात-धर्म न विचारता. त्याला कुणी वेळेवर टोकलं नाही, एवढंच. फारसी कवी शेख सादींनी स्वतःच्या लहानपणची गोष्ट लिहिलीय. रात्रभर वडिलांबरोबर कुरआन घेऊन जागे होते, आजूबाजूला लोक झोपलेले. पोर म्हणालं, यातला एकजण दोन रकात (नमाजची आवर्तनं) पढायला उठत नाही, मेल्यासारखे पडलेत सगळे. वडील म्हणाले, बाळा, लोकांची निंदा करत जागण्यापेक्षा तूही झोपला असतास तर बरं झालं असतं. असा बाप पाहिजे. एका वाक्यात काम झालं, आणि पोराला आयुष्यभर पुरलं.

पण या पोरानं आमच्याकडून बघितलं काय? कमिटीची मोठी मंडळी अजानच्या आधी पहिल्या सफेत रुमाल टाकून जातात, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. मग बाहेर गप्पा. खुतब्याच्या तोंडावर येणार, रुमाल उचलून बसणार. त्यांच्यासाठी चाचा रोजच मागं सरकलेले आहेत, फक्त तोंडानं कुणी म्हणत नाही. पोरगा बोलून गेला म्हणून दिसलं.

तर कमिटीवाल्यांनो, पुढच्या जुम्याला ते रुमाल टाकू नका. दिसले तर मी उचलून खिडकीत ठेवणार आहे. भांडण होईल, होऊ दे, नमाजनंतर करू. आणि कमेंटमध्ये मला हदीसचे (पैगंबरांच्या वचनांचे) नंबर विचारू नका. मौलाना असर ते मगरिब (दुपारनंतरच्या नमाजपासून सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत) मशिदीतच असतात, त्यांना विचारा.