बिलबेरीने मोतीबिंदू विरघळत नाही

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा जॅम खाऊन अंधारात अचूक बॉम्ब टाकत. तिच्या गोळ्यांनी रात्रीचं दिसणं सुधारतं, मोतीबिंदूही विरघळतो. गोळ्या परवडत नसतील तर ब्लूबेरी खा, फळ एकच.

फळ एकच नाही. बिलबेरी हे उत्तर युरोपातल्या पाइन-स्प्रूसच्या जंगलात, आम्लधर्मी जमिनीत आपसूक वाढणारं गुडघाभर झुडूप. लोक रानात जाऊन तिची फळं वेचतात. क्रॉफर्ड मार्केटात डबीतून मिळते ती लागवडीची, मूळची अमेरिकेतली ब्लूबेरी. कापून बघा, आत गर पांढरट-हिरवा. बिलबेरी आतपर्यंत गर्द असते, जांभळासारखी जीभ रंगवते.

जॅमच्या गोष्टीला भरवशाचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही. रात्री शत्रूची विमानं पाडणाऱ्या जॉन कनिंगहॅम या ब्रिटिश वैमानिकाबद्दल तेव्हा गाजराची अशीच गोष्ट पसरवली गेली होती. खरं कारण होतं १९४० मध्ये त्याच्या विमानात बसवलेलं रडार.

रात्रीच्या नजरेचं म्हणाल, तर तीही तपासून झाली आहे. २००० साली पंधरा पुरुषांना तीन आठवडे बिलबेरीचा अर्क देऊन पाहिला. अर्क आणि नकली गोळी यांत फरक दिसला नाही. २००४ मध्ये कँटर आणि अर्न्स्ट या संशोधकांनी अशा सगळ्या चाचण्या एकत्र चाळल्या, तेव्हा काटेकोर चाचण्यांतून फायद्याला आधार मिळाला नाही. अंधारात दिसायला डोळ्याला लागतं अ जीवनसत्त्व. बिलबेरीतल्या निळ्या रंगद्रव्यापासून ते बनत नाही.

सर्वांत घातक दावा मोतीबिंदूचा. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं गोठून भिंग गढूळ होतं. ते गोळीने परत स्वच्छ होत नाही, शस्त्रक्रियेने बदलावं लागतं. याच मेसेजखाली एका काकांनी लिहिलंय, समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसतं, मागवतोच गोळ्या. काका, हे मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं, काचबिंदूचंही. आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून महिनाभर गोळ्यांची वाट बघत बसू नका. केईएम किंवा सायनच्या नेत्र विभागात जा. मधुमेह असेल, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरी ठेवा आणि मुलाला सोबत न्या.