डोलणारा पलंग

घरी उंच पलंग, म्हणजे खाली टेबल मावेल असा, करणं कागदावर फार सोपं असतं. चार खांब, दोन लांब पाट्या, दोन आखूड, वर आडव्या पट्ट्या. कागद हलत नाही, एवढीच काय ती अडचण.

पलंग मोडेल या धास्तीने लोक खांब जाड करत सुटतात. तीन इंची चौरस खांब आणि सहा बाय दीड इंची पाट्या एका माणसाला सहज पेलतात. पलंग पडत नाही हो, डोलतो! वर कूस बदलली की खाली टेबलावरचा चहा हिंदकळतो. आयताला तिरकं व्हायची उपजत हौस असते, त्रिकोणाला नसते. म्हणून खांब आणि पाटीच्या कोपऱ्यात तिरपे आधार हवेत, तेही लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही बाजूंना. शिवाय पलंग भिंतीला अँकर बोल्टने, म्हणजे भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, जखडावा. भिंतीला म्हणजे विटेला किंवा काँक्रीटला, गिलाव्याला नव्हे.

नुसत्या स्क्रूवर माझा विश्वास नाही. पाटीच्या टोकातून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घुसवलेला स्क्रू आधी दाढेसारखा हलतो आणि मग दाढेसारखाच बाहेर येतो. तिथे १० मिलिमीटरचे आरपार बोल्टच हवेत: सांध्याला दोन, एकूण १६.

खरी गंमत इथेच आहे. खांब तीन इंच, पाटी दीड, म्हणून साडेचार इंची बोल्ट आणावा, तर तो पलीकडून जेमतेम डोकावतो आणि वायसर-नट हातातच राहतात. साडेपाच इंची आणा. दुसरं म्हणजे, लांब आणि आखूड पाट्यांचे बोल्ट एकाच खांबात काटकोनात शिरतात. दोन्ही एकाच उंचीवर आखले, तर दुसऱ्या भोकाच्या वेळी ड्रिल आतल्या लोखंडाला भिडतं आणि घरातले सगळे दारात येऊन उभे राहतात. एक जोडी इंचभर खाली घ्यायची, बस्स.

करवतही लाकूड खाते, कापागणिक तीनेक मिलिमीटर. आठ फुटी फळीतून दोन फुटांचे चार तुकडे फक्त वहीत निघतात. चौथा नऊ मिलिमीटर तोकडा भरतो आणि पुढे पाचर म्हणून आयुष्य काढतो.

कठडा पट्ट्यांपासून मोजू नका. सहा इंची कठडा आणि सहा इंची गादी म्हणजे कठडा नाहीच! गादीच्या वर किमान पाच इंच तो दिसायला हवा. गादीपासून छतापर्यंत तीनेक फूट सोडा आणि पंख्याच्या पात्यांपासून लांब राहा. जोडणी खोलीतच करा. उभा केलेला पलंग दारातून जात नाही, हे सांगावं लागतं.

महिन्याभराने लाकूड सुकतं, नट सैल होतात, पलंग कुरकुरतो. तेव्हा पाना फिरवायचा.

७२ बाय ३६ इंची गादीसाठी चौकट आतून ७३ बाय ३७ ठेवा. ती इंचभर फट चादर खोचणाऱ्या बोटांसाठी आहे. तरीही भिंतीकडचा कोपरा खोचताना गादी उचलावी लागते आणि तिच्यावर आपणच गुडघे टेकून बसलेले असतो.